वाघाने उठायचं असतं

‘बरं’ असं तो म्हणाला होता. लिफ्टचं दार लागलं, मजल्यांचे आकडे उतरायला लागले, आणि तेव्हा कुठे त्याला ते ऐकू आलं. स्वतःच्याच तोंडातून निघालेलं, मऊ, गिळगिळीत, शेपूट घातलेलं ‘बरं’. लिफ्टच्या तिन्ही बाजूंना आरसे होते आणि तिन्ही आरशांत तोच होता. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, छातीशी धरलेला आत्याचा टॅबलेट, आणि तिघांचेही चेहरे आत्ताच कोणालातरी बरं म्हणून आल्यासारखे. वर काचेच्या खोलीत हुडीवाला अजून फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसला असणार. त्याचं खरं नाव दारावर लावलेलं होतं, पण याच्या डोक्यात पहिल्या भेटीपासून तो हुडीवालाच, कारण खोली इतकी गार करून ठेवायचा की मग स्वतःलाच टोपी कानांवर ओढून बसावं लागायचं. मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत कोणाला खुर्ची द्यायची आणि कोणाला लिफ्ट दाखवायची, ते त्याच्या हातात होतं. आणि आज सगळं कसं लोण्यातून सुरी जावी तसं चाललं होतं. हुडीवाल्याने टॅबलेट मांडीवर घेतला, वाघ-शेळ्यांचा डाव लावला, स्वतः शेळ्या घेतल्या, आणि टॅबलेटमधल्या वाघाने त्याच्या शेळ्या अशा काही मटकावल्या की त्याने टोपीच मागे सारली.

‘वाघाचं डोकं भारी आहे रे. कुठे शिकलास?’

‘असंच. बघून बघून.’

‘कॉलेज?’

‘चष्म्याच्या दुकानात आहे मी. मागे. काचा घासतो.’

‘मस्त,’ हुडीवाला म्हणाला, आणि ते त्याने खरंच म्हटलं होतं. मग त्याचं बोट खाली गेलं. ‘आणि हे काय आहे, एवढं दाराएवढं बटण?’

‘बसले.’

‘म्हणजे?’

‘शेळीला हलायचं नसेल तर बसले म्हणायचं. मग पाळी वाघाची.’

हुडीवाल्याने बटण दाबलं. वाघ एक घर सरकला. पुन्हा दाबलं. वाघ परत मागच्या घरात आला. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पिंजऱ्यातल्यासारखा वाघ इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि शेळ्या ढिम्म. ‘आणि दाबल्यावर हे बटण अडखळतं पण,’ तो म्हणाला. ‘बरं, हे असं कधीपर्यंत चालणार?’

 आश्चर्य म्हणजे याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. हुडीवाल्याने टॅबलेट टेबलावर ठेवला, अगदी हळू, आजारी माणसाला ठेवतात तसा. ‘अरे राजा, जो गेम संपत नाही त्याला गेम नाही म्हणत, बग म्हणतात. नेटवर बघ जरा. पाळी आली की हलायचं, सगळीकडे हाच नियम. हे तू कुठून आणलंस? काढ ते बटण, सोमवारी ये, मग तुझ्या खुर्चीचं बोलू.’

‘बरं.’

रस्त्यावर ऊन होतं आणि नवीन बूट टाचेला चावत होते. तो सिग्नलला थांबला, हिरवा झाला तरी थांबला, मागच्या माणसाने कोपराने ढोसलं तेव्हा हलला. पाळी आली की हलायचं. हा नियम इतका सरळ होता की त्याच्याशी भांडायचं तरी कुठून. त्याने चालता चालता फोनवर शोधलं, आणि हुडीवाला म्हणाला ते खरंच होतं. पाच रेघा उभ्या, पाच आडव्या, मधून तिरप्या. चार कोपऱ्यांत चार वाघ, शेळ्या वीस, एकेक करून मांडायच्या. वाघाने उडी मारली की शेळी मेली. शेळीला मारता येत नाही, तिने फक्त दुसऱ्या शेळ्यांना चिकटून उभं राहायचं, जागा अडवायची, वाघाची कोंडी करायची. सगळं तसंच, घरच्यासारखंच. फक्त बसले कुठेच नव्हतं. दोन-चार ठिकाणी तर स्पष्ट लिहिलं होतं की खेळाची खरी मजा इथेच, शेळ्यांनी भिंत बांधलेली असते पण त्यांनाही हलावंच लागतं, एक शेळी हलली की भिंतीला भोक, आणि त्या भोकातून वाघ. म्हणजे इतकी वर्षं आपण घरात जो खेळ खेळलो तो खेळच नव्हता की काय?  आपल्या घरात सगळे ज्याला जिराफ म्हणतात तो बाहेर घोडा निघावा, तसं.

दुकानाच्या मागच्या खोलीत शिरल्यावर जरा बरं वाटलं. (पुन्हा बरं. त्याला त्या शब्दाचाच राग यायला लागला होता.) त्या खोलीत खिडकी नव्हती, एक मशीन होतं, पाण्याचा पाइप होता, आणि घासलेल्या काचांचा पांढरा चिखल साठायचा तो डबा होता. काच मशीनमध्ये धरली की ती फ्रेमच्या आकाराची होईपर्यंत गोल गोल फिरत राहायची आणि तेवढा वेळ नुसतं बघत उभं राहायचं. या उभं राहण्यातच तो प्रोग्रॅमिंग शिकला होता. कोपऱ्यात बिलांसाठीचा जुना कॉम्प्युटर होता, त्यावर एका हाताने शिकवणीचं काहीतरी लावायचं, दुसरा हात काचेपाशी. नखांत पांढरं, कीबोर्डवर पांढरं. मालक मधून मधून पडदा सारून डोकावायचे आणि म्हणायचे, ‘काचा घास रे बाबा, कीबोर्ड नको घासू.’ आजही ते डोकावले.

‘झालं का तुझं तिकडे?’

‘सोमवारी परत बोलावलंय.’

‘म्हणजे घेतला म्हणायचा. चला, मला आता दुसरा माणूस शोधायला हवा. तुझ्यासारखा आळशी मिळणं कठीण आहे,’ असं म्हणून ते हसले आणि पडदा सोडला.

त्याने काच लावली. पाणी सुटलं. काच फिरायला लागली आणि तिच्या कडेचा जळका वास आला. बटण काढायचं म्हणजे काय, चार ओळी पुसायच्या. मशीन थांबायच्या आत होईल. पण त्या चार ओळी त्याने सगळ्यांत आधी लिहिल्या होत्या. पट काढायच्याही आधी, वाघ काढायच्याही आधी. कारण आत्याचा हात. आत्या लोकांच्या कपड्यांना आत-बाहेर करून द्यायची, कंबर सैल, बाही आखूड, चेन नवी. खोलीत एक मोठं टेबल होतं, त्यावर कापड कापायचं, आणि त्याच टेबलाच्या फळीवर एका बाजूला तिने बॉलपेनने तो पट आखला होता, इतक्या वेळा गिरवलेला की रेघांना खोबणी पडल्या होत्या. शेळ्या म्हणजे शर्टाची बटणं. वाघ म्हणजे शिलाई मशीनच्या बॉबिन. शाळेतून आला की आधी डाव, मग दप्तर. मग दोनेक वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी सुईत दोरा जाईना, मग कात्री नीट चालेना, आणि एक दिवस शेळी मांडायला गेली तर हाताच्या झटक्याने सगळी बटणं जमिनीवर, टेबलाखाली, कपाटाखाली, टणाटण टणाटण. ती वाकली नाही. खुर्चीत टेकून म्हणाली, ‘मला आता शेळ्या आवरत नाहीत रे.’ डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. चिडली होती.

तेव्हा त्याने ठरवलं, असा पट करायचा की ज्यातल्या शेळ्या सांडणार नाहीत. म्हणून बटण दाराएवढं. म्हणून ते अडखळतं, कारण तिचं बोट एकदा टेकायला जातं आणि पाच वेळा टेकतं. पहिल्यांदा तिने बटण दाबलं तेव्हा बसले बसले बसले बसले असं झालं होतं आणि वाघाने मधल्या मध्ये तीन चाली केल्या. मग त्याने लिहिलं की थरथर म्हणजे एकच दाब, बोट शांत होईपर्यंत थांबायचं. सगळ्या प्रोग्रॅममध्ये त्याला सगळ्यांत आवडणारी जागा तीच. आणि हुडीवाला म्हणे, अडखळतं. उंटावरून शेळ्या हाकणारी जात ही. पण मग आपण बरं का म्हणालो? कारण खुर्ची. काचेच्या खोलीबाहेर ओळीने खुर्च्या होत्या, त्यांतली एक रिकामी होती, तिच्यावर कोणाचं तरी जाकीट टाकलेलं, आणि त्या खुर्चीतून खिडकी दिसत होती. ती त्याला हवी होती. इतकी हवी होती की आत्ताही, या चिखलात उभं राहून, तिची पाठ पाठीला लागत होती.

आणि शिवाय हुडीवाल्याचा प्रश्न खोटा नव्हता. कधीपर्यंत? आत्या रोज खेळायची त्या वाघाशी, पण कंटाळली की तशीच बाजूला ठेवून द्यायची, त्यामुळे याला कधी कळलंच नाही. टेबलावर मात्र डाव संपायचे. नक्की संपायचे, कारण संपल्यावर आत्या बटणं गोळा करून बरणीत टाकायची, तो आवाज त्याच्या कानांत आहे. मग कसे संपायचे? शेळ्या कोंडी करून बसल्या आहेत, वाघ आतल्या आत येरझाऱ्या घालतोय, आत्या म्हणतेय बसले, बाबा वाघ सरकवताहेत, बसले, सरकवताहेत, बसले. बाबा कायम वाघ. त्यांना दुसरं काही शोभलंच नसतं. बसडेपोत गाड्या सोडायच्या कामावर होते, आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आले, चला, निघा, वेळ झाली. घरातही तेच. जेवताना, चला. झोपताना, चला. तो आठवायला गेला की बाबांचा हात दिसायचा, बॉबिनवर दोन बोटं, आणि मग एकदम बूट. बाबांचे काळे बूट, लेस घट्ट बांधलेली. घरात, टेबलाखाली, बूट. हे असं का दिसतं? घरात बूट घालून बाबा कधी बसले? आई असताना तर उंबऱ्याच्या आत बूट आला की घर डोक्यावर घ्यायची. पण चित्र पक्कं होतं. तो कशावर तरी बसलेला आहे, कडक, पोकळ, हललं की चर्र वाजतं. आणि कुठूनतरी खालून हॉर्न. एक लांब, मग दोन तुटक. काच कधीच घासून झाली होती आणि मशीन रिकामंच गरगरत होतं.

‘अरे, मशीन,’ मालक बाहेरून ओरडले.

शनिवारी त्याने युक्ती केली. बटण काढायचं नाही आणि डावही संपवायचा, साप मरावा आणि काठीही तुटू नये. वाघाला कंटाळा आणायचा. ओळीने इतक्या वेळा बसले झालं की वाघ उठून जाणार, शेळ्या जिंकल्या. लिहायला काहीच लागलं नाही. वाघाच्या डोक्याची जी फाइल होती तिचं नाव त्याने पहिल्यापासून ‘बाबा’ ठेवलं होतं, कारण तो वाघ त्याने बाबांना आठवून आठवूनच केला होता. मागे बघायचं नाही, कोपऱ्याची हाव सोडायची नाही, एक शेळी दिसली की चार घरं पलीकडचं दिसत नाही. त्यात कंटाळा घातला आणि रविवारी दुपारी टॅबलेट आत्यापुढे ठेवला. ती टेबलापाशीच बसली होती. टेबलावर आता कापड नसायचं, तिची औषधं असायची आणि बाबांचं वर्तमानपत्र. बाबा पलीकडे खुर्चीत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मनगटावर घड्याळ, आणि दर थोड्या वेळाने त्याकडे नजर, जणू त्यांच्यावाचून कुठलीतरी गाडी अडून राहिलीय.

आत्या खेळली. जिभेचं टोक ओठांत धरून, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून. कोंडी केली. मग बसले, बसले, बसले, आणि वाघ पटावरून उतरला, चालत चालत टॅबलेटच्या कडेतून बाहेर गेला. खाली आलं, शेळ्या जिंकल्या.

‘हे काय?’

‘उठला वाघ. जिंकलीस तू.’

‘मी कुठे जिंकले? तोच गेला.’ तिने बोटाने टॅबलेट पुढे ढकलला. ‘पुन्हा लाव.’ पुन्हा लावला. पुन्हा तेवढ्याच वेळा बसले, पुन्हा वाघ त्याच कडेतून बाहेर. तिसऱ्यांदा तर ती त्याच्या आधीच म्हणाली, ‘चला, निघाले साहेब.’ मग म्हणाली, ‘हे सोंग आहे रे. तू शिकवलंयस म्हणून उठतो.’

‘मग आपल्याकडे डाव कसा संपायचा?’ त्याने विचारलं. ‘बाबा, तुम्ही सांगा. आत्या बसले बसले करत राहिली की शेवट काय व्हायचा?’

वर्तमानपत्र खाली आलं नाही. ‘शेवट काय व्हायचा. मी उठायचो.’

‘का पण?’

‘पाय दुखायचे बसून बसून.’

‘पाय नाही, पोट दुखायचं त्याचं,’ आत्या म्हणाली.

‘आणि तो नियमच नाहीये,’ बाबा पेपराआडून म्हणाले. ‘जगात कुठे नाही. हिने काढलेला. हरायला लागली की काढायचं काहीतरी नवीन.’

‘काढला असेन. पण तू मानलास ना? समोरच्याने मानला की झाला नियम. मग काय जगाला विचारायला जायचं?’

त्याला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी ते बूट दिसले. इतके स्पष्ट की लेसची गाठसुद्धा. त्याने विचार न करता विचारून टाकलं, ‘आत्या, एकदा बाबा बूट घालून खेळले होते. इथेच. मी कशावर तरी बसलो होतो. खाली हॉर्न वाजत होता. कधी होतं ते?’

पेपर हलायचा थांबला. आत्याने उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्यावर डावा, झाकल्यासारखा. ‘सुटकेसवर बसला होतास तू,’ ती म्हणाली. ‘माझ्या. चेन लागेना म्हणून तुला वर बसवलं होतं, तर तू उतरायलाच तयार नाही. खाली टॅक्सी उभी होती.’

‘कुठे जायला?’

‘मी जायला. हा मला परत पोचवायला निघाला होता. माझ्या घरी.’ घरी हा शब्द तिने कडू गोळीसारखा जिभेच्या टोकावरून फेकला. याला माहीत होतं की आत्याचं लग्न झालं होतं आणि मग झालेलं नव्हतं, एवढंच. त्यात मधे काही असेल असं कधी मनात आलं नव्हतं, आत्या टेबलासारखीच घरात होती, आधीपासून. ‘तिकडचा फोनवर फोन,’ बाबा म्हणाले, कोणाला सांगत होते कोण जाणे. ‘रोज. माणसं बोलायची. एक फेरी सोडली की पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं.’

‘हे बघ, अजून वेळापत्रक. मी म्हटलं, दादा, एक डाव. तू जिंकलास तर निघू. हा म्हणाला, चल, हातासरशी संपवतो. बूटसुद्धा काढले नाहीत. आणि खेळला बरं का चांगला. माझ्या शेळ्या बसल्या होत्या नीट, पण पाळी माझी आली, आणि कुठलीही हलवली तरी मेलेच असते. एक हलवली की संपलं. मग मी बघत राहिले. आणि मग म्हटलं, बसले.’

‘मी म्हटलं, बसले म्हणजे काय?’ बाबा म्हणाले. पेपर आता खाली होता.

‘मी म्हटलं, बसले म्हणजे बसले.’

‘हॉर्न वाजतोय खाली. ही म्हणतेय बसले. मी वाघ हलवतोय, ही म्हणतेय बसले. हा कारटा सुटकेसवर. हिची वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी, तोंडावर पदर, हसतेय का रडतेय कळत नाही.’ बाबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग, जणू तिथे काही लिहिलेलं नव्हतं, हात खाली केला. ‘मग उठलो. काय करणार. खाली जाऊन टॅक्सीवाल्याला म्हटलं, जा बाबा तू.’

‘वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो,’ आत्या म्हणाली. ‘मग काय म्हणायचं ते मी त्या दिवशी शोधलं. त्यानंतर हा रोज खेळायचा माझ्याशी, आणि रोज तो नियम चालायचा, आणि त्याबद्दल एका शब्दाने कधी बोललो नाही आम्ही.’ तिने टॅबलेटकडे पाहिलं. ‘तुझा वाघ हुशार आहे रे. पण त्याला कुठे जायचंय? त्याची कुठे टॅक्सी उभीय खाली? ज्याला कुठे जायचंच नाही त्याच्यासमोर बसून काय उपयोग.’

 सुटकेस त्याला आता ढुंगणाखाली लागत होती, ते चर्र, तिच्या कडेचं टोचणं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि नंतरचे सगळे डबे, सगळे ताप, सगळ्या शाळेच्या सह्या आत्याच्या होत्या, आणि हे सगळं एका चालीवर उभं होतं जी चाल कुठल्याही नियमात नव्हती. एक शेळी हलली असती तर. ती हलली असती तर या टेबलापाशी आज कोण बसलं असतं? भीती वाटली, वीस वर्षं उशिराने. आणि त्या भीतीच्या मागोमाग एक सणसणीत राग वर आला. बग म्हणतो. काढ म्हणतो. आणि आपण बरं म्हणतो. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. नाही काढत जा. मग त्याचं त्यालाच दिसलं की काढायचं काय ते. चुकीचं बटण नव्हतंच. चुकीचा वाघ होता. जो थकत नाही, ज्याला वेळ झाली नाही, ज्याच्यावाचून कुठे काही अडलेलं नाही, असा वाघ वाघच नाही, नुसती फिरणारी काच आहे. त्याने आतल्या टेबलावरून आपला लॅपटॉप आणला, आत्याच्या औषधांच्या शेजारी उघडला. ती फाइल निवडली. जवळजवळ वर्षभराचं काम. ज्याच्यासाठी हुडीवाल्याने टोपी मागे सारली होती ते. कॉम्प्युटरने रीतसर विचारलं, ‘बाबा’ कायमचं काढून टाकायचं का?

बाबा खांद्यामागून वाकून वाचत होते. ‘मला काढतोयस?’

‘हो.’

‘बघ धाकटे, घरात राहून काय ऐकावं लागतं.’

‘काढ रे, काढ,’ आत्या म्हणाली. ‘खरा आहे की इथे, फुकटात.’

त्याने काढलं.  खुर्ची, खिडकी, पाठीला लागणारी ती पाठ, सगळं त्या एका बोटाखालून गेलं, आणि गेल्यावर वाटलं तसं काही झालं नाही. उरलेला खेळ त्याने टॅबलेटवर चढवला. पट होता, शेळ्या होत्या, दाराएवढं बटण होतं. वाघांच्या बाजूला आता फक्त रिकामी जागा, कोणीतरी माणसाने येऊन बसायची. बाबा बसले. चष्मा कपाळावर, बॉबिन धरल्यासारखी दोन बोटं काचेवर. पहिली शेळी खाल्ली तेव्हा आत्याने त्यांना एक ठेवणीतली शिवी दिली. मग भिंत बांधली. मग बसले. थरथर, थरथर, शांत. वाघ सरकला. बसले. बाबा खुर्चीत पुढे झाले, मागे झाले, घड्याळ बघितलं, आणि अखेर उठले.

‘उठला,’ आत्या म्हणाली.

‘पाणी प्यायला उठलोय.’

‘उठला की उठला.’

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग बाबा बाहेर आले, मिशीला पाणी लागलेलं, आणि खुर्ची ओढून म्हणाले, ‘मांड दुसरा.’

सोमवारी काचेची खोली तितकीच गार होती. रिकाम्या खुर्चीवर अजून तेच जाकीट होतं. हुडीवाल्याच्या टेबलावर कॉफी, दोन फोन, आणि त्यातला एक सारखा कुरकुरत होता.

‘काढलं का बटण?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘वाघ काढला.’

 ‘कुठला वाघ?’

‘ज्याचं डोकं भारी होतं तो. आता समोर माणूस लागतो.’

‘वेडा आहेस का तू? अरे, मी त्या वाघासाठी तुला बोलावलं होतं. तेवढंच तर होतं त्यात.’

‘माहितीय.’

‘आणि संपतो कसा मग?’

‘खेळून बघा. तुम्ही वाघ.’

त्याने टॅबलेट टेबलाच्या मधोमध ठेवला. क्षणभर वाटलं, आता लिफ्ट. पण हुडीवाला शेवटी गेम बनवणारा माणूस होता, समोर पट आला की त्याचं बोट राहायचं नाही. खुर्ची पुढे घेतली. चांगला खेळला, बाबांपेक्षा चांगला, मागे बघून, कोपरे सोडून. याच्या शेळ्या पटापट गेल्या, एक, आणखी एक. पण मग उरलेल्या शेळ्या एकमेकींना चिकटल्या. त्याने आत्यासारखं डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, हात कापत नव्हता तरी. आणि पाळी त्याची आली, आणि कुठलीही हलवली असती तरी मेलीच असती, हे त्याला दिसलं, आणि हुडीवाल्यालाही दिसलं, कारण तो हसला.

‘बसले,’ हा म्हणाला आणि बटण दाबलं.

वाघ सरकला.

‘बसले.’

‘हे तू मुद्दाम करतोयस.’

‘हो. बसले.’

वाघ मागे. फोन कुरकुरला, उलटा करून ठेवला गेला. बसले. दुसरा फोन. काचेबाहेर कोणीतरी येऊन उभं राहिलं, हातातली फाइल दाखवून मनगटाकडे बोट केलं. हुडीवाल्याने हात वर केला, आलो आलो. वाघ पुढे. बसले. ‘हे खेळात चालत नाही राजा,’ तो म्हणाला, पण वाघ मागे घेतला त्याने. पाळी आली म्हणून हलवला. म्हणजे मानलं. याला ते कळलं आणि मानेच्या मागे काहीतरी सैल झालं. बसले. बाहेरच्याने काचेवर टकटक केलं. वाघ पुढे. बसले. कॉफीवर साय धरली होती. हुडीवाल्याने एकदा पटाकडे पाहिलं, एकदा याच्याकडे, काहीतरी विचारायचं असल्यासारखं तोंड उघडलं, आणि मग खुर्ची मागे सरकली.

‘तू बस,’ तो म्हणाला, फोन गोळा करत. ‘आलोच मी. मग बोलू.’

दार लागलं. काचेपलीकडे ते दोघं भराभर चालत गेले, हुडीवाल्याची टोपी पाठीवर उडत होती. खोलीत नुसती ती गार हवा राहिली. टॅबलेटवर पाळी वाघाची होती आणि वाघाच्या बाजूची खुर्ची अजून हळूहळू फिरत होती. नोकरी मिळेल की नाही, तो परत येईल की कोणाला तरी पाठवून याला लिफ्ट दाखवेल, काहीच ठरलेलं नव्हतं. त्याला कुठे जायचं नव्हतं. मालकांना त्याने सांगितलं होतं की आज वेळ लागेल. तो खाली वाकला, नवीन बुटांच्या लेस सोडल्या, आधी एक, मग दुसरा बूट काढला, आणि दोन्ही जोडून खुर्चीखाली सारले.